हातावरची चार अक्षरं

दादा अमेरिकेहून परत आला, त्यानंतर आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो कंपनीच्या बसचा हॉर्न. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत ती बस शिरू शकत नसे. ती कोपऱ्यावर डेअरीसमोर उभी राहायची आणि हिंजवडीला जाणाऱ्या पोरांसाठी हॉर्न वाजवायची. मग पहिल्या मजल्यावरच्या भिड्यांचा मंदार गळ्यातलं ओळखपत्र सावरत, बुटांच्या नाड्या न बांधताच पळायचा आणि भिडेकाकू गॅलरीतून ओरडायच्या, "डबा! अरे मंदार, डबा!" हे सगळं आम्हाला वर, दुसऱ्या मजल्यावर, बंद दारातूनही स्वच्छ ऐकू यायचं. त्या वेळी आई पोळ्या लाटत असायची, बाबा आरशासमोर दाढी करत असायचे आणि मी मेतकूट-भाताची ताटली घेऊन ओट्याशी बसलेली असायचे. हॉर्न वाजला की लाटणं थांबायचं. बाबांचा हात गालावर थांबायचा. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला दादा जागा आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक असायचं आणि तिघंही तो झोपलाय असं धरून चालायचो. बस गेली की आई पुन्हा लाटायला लागायची, जरा जोरातच.

तो गेला तेव्हा असं नव्हतं. तेव्हा पेठेतल्या निम्म्या घरांना बाबांनी स्वतः जाऊन पेढे दिले होते. बाबा सहकारी बँकेत हेडक्लार्क होते, बोलायला कमी आणि जे बोलायचे ते तिरकं. कुणाचं कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या तोंडाला जणू फोड यायचे. पण दादाचा व्हिसा आला आणि बाबा बदलले. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना "आमचे चिरंजीव आता न्यू जर्सीला" हे ऐकावं लागलं. विमानतळावर पोचवायला भाड्याची मोठी गाडी केली होती, त्यात आमच्या इमारतीतले लोक दाटीवाटीनं बसून मुंबईला आले होते. तिथल्या कंपनीनं पुढे त्याला काम न देता नुसतं बसवून ठेवलं, मग तेही बंद केलं. त्या काळात तिकडे गेलेल्या कितीतरी मुलांचं तसंच झालं. दादा एक सुटकेस घेऊन एकटाच रिक्षातून परत आला. त्याला आणायला कुणी गेलं नव्हतं, कारण बाबांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

लोकांनी विचारलं तर बाबा म्हणत, "रजेवर आलाय. प्रोजेक्ट बदलतोय त्याचा." रजा लांबत गेली तसे भिडेकाका जिन्यात भेटले की म्हणायला लागले, "तिकडे दिवाळीची सुट्टी गणपतीतच लागते वाटतं." बाबांना तोडीस तोड उत्तर देता येत असे, पण आता ते नुसतं हसल्यासारखं करून वर येत. आमचं दार, जे पेठेतल्या सगळ्या दारांसारखं दिवसभर सताड उघडं असायचं, ते लोटलेलं राहायला लागलं आणि मग कडी लागली. आईनं भिशी सोडली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. दादा काय करतो असं मैत्रिणींनी विचारलं की मी अजूनही "न्यू जर्सी" म्हणत असे. आणि दादा? तो बाबा बँकेत गेल्यावर स्वयंपाकघरात यायचा. आई त्याच्यासाठी गरम थालीपीठ लावायची, वर लोण्याचा गोळा. तो अर्धं खायचा आणि आपली ताटली स्वतः घासून पालथी घालायचा, परक्या घरी उतरलेला पाहुणा घालतो तशी. आई म्हणायची, "ठेव रे, मी घासते." तो म्हणायचा, "राहू दे, झालं." दिवसभरात एवढंच बोलणं. इमारतीचा जिना तो महिनोन्महिने उतरला नव्हता.

हा तोच दादा होता ज्यानं एके काळी आमच्यासाठी आख्खी लिपी तयार केली होती. मी सात-आठ वर्षांची असेन, तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा दोघांना एकदमच कांजिण्या आल्या. आईनं आतल्या खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर आम्हाला झोपवलं आणि खाजवायचं नाही अशी ताकीद दिली. खाजवायचं नाही तर हातांना काहीतरी काम हवं, म्हणून दादानं पाटीवरची पेन्सिल घेतली आणि दाराच्या मागच्या बाजूला अक्षरं काढायला सुरुवात केली. आपल्याला ठाऊक असलेली एकही नाही, सगळी त्याच्या डोक्यातली. पुष्कळ होती, बहुतेक मी विसरले. पण घरातल्या चार माणसांची चार अक्षरं वेगळी होती, ती विसरणं शक्य नाही. आईचं अक्षर विळीसारखं, खाली पाट आणि वर बाक दिलेलं पातं. बाबांचं म्हणजे खुंटीला टांगलेली छत्री. दादाचं शेपटीवाला पतंग. आणि मी जेवायला फार वेळ लावते म्हणून माझी गोगलगाय. नियम असा की घरात असलेल्या माणसाचं अक्षर सुलटं आणि बाहेर गेलेल्याचं उलटं. आई मंडईत गेली की दादा उठून तिची विळी पुसून उलटी काढायचा, ती आली की पुन्हा सुलटी. बाबांनी ते पाहिलं तेव्हा म्हणाले, "देवनागरी अजून धड येत नाही, आणि निघाले नवी काढायला." पण एकदा बँकेत निघताना त्यांनीच ओल्या बोटानं आपली छत्री पुसली आणि चष्मा कपाळावर सरकवून, जीभ दाताखाली धरून, उलटी काढली. मी पाल्यावरून डोळे किलकिले करून पाहत होते. त्यांना वाटलं मी झोपलेय.

दादा परत आला त्या वर्षीच्या नवरात्रात मी चतुःशृंगीच्या जत्रेला गेले, ऋचा नावाच्या मैत्रिणीबरोबर. तिनं कोरेगाव पार्कात कुठेतरी खांद्यावर फुलपाखरू काढून घेतलं होतं आणि ती ते दाखवत फिरायची. तसली ठिकाणं मला परवडणारी नव्हती. जत्रेत मात्र पाळण्यांच्या पलीकडे, बांगड्यांच्या दुकानांशेजारी एक गोंदणारा बसला होता. पुढ्यात बॅटरीवर चालणारं घरघरणारं मशीन आणि मागे पुठ्ठ्यावर नमुने : ॐ, बदाम, विंचू, इंग्रजी आद्याक्षरं. मी का थांबले हे तेव्हा सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे. आज वाटतं, त्या दिवसांत दादाकडे पाहून मला इतकी लाज वाटायची, त्याची, आमची, आणि लाज वाटते याचीही, की मला काहीतरी करून दाखवायचं होतं. तू केलेलं एक काहीतरी मी जन्मभर अंगावर बाळगणार आहे, असं त्याला सांगायचं होतं, आणि आमच्या घरात कुणी कुणाला असलं काही तोंडानं सांगत नसे. मी बसच्या तिकिटाच्या मागे चार अक्षरं काढली आणि त्या माणसापुढे धरली.

"ही कोणती भाषा म्हणायची, ताई?"

"घरातली."

"घरातली?" त्यानं तिकीट उजेडाकडे धरून पाहिलं. "बरं. शेजारी एक ॐ काढू का? शुभ असतंय."

मी नको म्हटलं. माझा डावा हात त्यानं मांडीवर घेतला आणि कोपराखालून सुरुवात केली. विळी, छत्री, गोगलगाय. दुखत होतं, पण ऋचा बघत होती म्हणून मी हसत होते. मनगटाकडचं शेवटचं अक्षर दादाचं, ते मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, हात पुढे केला की आधी तेच दिसावं म्हणून. तेवढ्यात गर्दीतून कुणाचा तरी धक्का लागला. गोंदणाऱ्यानं बसण्याची जागा बदलली, माझा हात फिरवून घेतला आणि घाईघाईत पतंग काढला. वर हळदीचं बोट लावलं. हात भरून आला होता, काळ्या-हिरव्या रेघांवर रक्ताचे ठिपके होते. त्या गडबडीत मला काही कळलं नाही. घरी येऊन मोरीतल्या दिव्याखाली हात धुतला तेव्हा दिसलं. तीन अक्षरं सुलटी होती आणि पतंग उलटा.

आई घरात आहे, बाबा घरात आहेत, मी आहे. दादा नाही. हे मी त्याला दाखवणार होते.

मी पूर्ण बाह्यांचे कुडते घालायला लागले. ऑक्टोबरचा उकाडा होता. गोंदलेली जागा सुजली, चिघळली, तिला कापड चिकटायचं. आई म्हणाली, "एवढ्या उन्हात लांब बाह्या?" मी म्हटलं, "कॉलेजात सगळ्या घालतात." "काय एकेक फॅशनी," ती म्हणाली आणि तिथेच विषय संपला. तेव्हा आमच्या घरात प्रत्येकजण काही ना काही झाकत होता, त्यामुळे कुणी कुणाकडे निरखून बघत नसे. त्याचा फायदा मला झाला तसा बाबांनाही झाला. तेही एक गोष्ट झाकत होते, आणि ती माझ्या हातापेक्षा फार मोठी होती.

बाबांना मूळव्याध होती. ती होती हे आईला ठाऊक होतं, पण रोज किती रक्त जातंय हे त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरपुढे कपडे उतरवण्याची लाज, आणि त्यात ते वर्षच असं की आणखी एक लाज घरात आणायला जागा नव्हती. ते पांढरे पडत चालले होते आणि आम्हाला वाटत होतं दादाच्या काळजीनं. एका रविवारी सकाळी मंडईतून येताना, पहिला आणि दुसरा मजला यांच्या मधल्या पायऱ्यांवर ते कोसळले. पिशवीतले बटाटे गडगडत खालपर्यंत गेले, त्या आवाजानं सगळी इमारत बाहेर आली. आई धावली, तिच्यामागे मी. बाबा कुशीवर पडले होते, आणि त्यांचा पांढरा लेंगा मागून लाल झाला होता.

आई त्यांच्या आणि लोकांच्या मध्ये पदर पसरून उभी राहिली. आपला नवरा जगतो की मरतो हे कळायच्या आधी तिनं ते केलं. भिडेकाकू घरात गेल्या, चादर घेऊन आल्या आणि बाबांवर घातली. मंदार आणि त्याचे वडील त्यांना उचलायला वाकले. मंदारनं वर पाहिलं, मीही पाहिलं. आमच्या दारात दादा उभा होता. दाढी वाढलेली, अंगात मळका बनियन, एक पाय उंबऱ्याबाहेर. सगळ्या जिन्यानं त्याला पाहिलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. तो उतरणार होता, याबद्दल मला आजही शंका नाही. पण आईनं मान वर केली आणि म्हणाली, "तू आत जा."

तो आत गेला.

जवळच्याच एका दवाखान्यात बाबांना नेलं. तिथले डॉक्टर आईला रागावले, इतके दिवस काय करत होता म्हणून. अंगात रक्तच उरलेलं नाही, आधी रक्त चढवू, मग शस्त्रक्रियेचं बघू, असं म्हणाले. बाबांचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाचं होतं तेवढं त्यांनी दिलं आणि आणखी लागेल, घरातलं कुणी जुळतंय का बघा, असं सांगितलं. माझा आणि दादाचा गट तोच होता. मी पुढे झाले. मंदार बरोबर होता. त्याचा गट वेगळा, पण आमच्या नावावर त्याचंही रक्त त्यांनी घेतलं. तो शेजारच्या खाटेवर झोपून मूठ उघड-मीट करत होता, तेव्हा रक्तपेढीतल्या बाई मला म्हणाल्या, "बाही वर कर."

मी उजवी बाही वर केली. त्यांनी शीर शोधली. "ही बारीक आहे गं. डावा दाखव."

"याच हाताचं घ्या ना."

"अगं, दाखव तर."

मी बाही वर केली. बाई सुई हातात धरून तशाच थांबल्या. खपल्या अजून पुरत्या पडल्या नव्हत्या. "हे कधी केलंस?" मी सांगितलं. "कुठे?" तेही सांगितलं. त्या हळू आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या तशा मोठ्यानंच बोलणाऱ्या होत्या. "जत्रेत? एकच सुई सगळ्यांना? शिकलेली ना तू? तुझं रक्त मी कुणाला देऊ शकत नाही. तुझ्या वडलांना तर नाहीच." रांगेतली माणसं वळून माझ्या हाताकडे बघायला लागली. "काय लिहिलंय ते? उर्दू आहे का?" कुणीतरी विचारलं. मंदारनं मान तिकडे वळवली आणि पुन्हा छताकडे नेली, बघितलंच नाही असं दाखवण्यासाठी. त्याचं ते सभ्यपण मला सगळ्यात जास्त लागलं. माझा बाप आत पांढरा होऊन पडला होता आणि माझं रक्त वापरण्याजोगं नव्हतं.

रिक्षा करून मी घरी गेले. दादा आतल्या खोलीत नव्हता. बाहेरच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता. जिन्यातले बटाटे त्यानं मधल्या वेळात गोळा करून आणले होते. सगळे धुऊन पेपरवर पसरून ठेवले होते.

"कसे आहेत?"

"रक्त हवंय. ओ निगेटिव्ह."

"मग दे की तू."

"माझं घेत नाहीत."

"का?"

मी बाही वर केली. सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यानं माझी बोटं धरून हात खिडकीकडे वळवला. मग लहान मुलाला वाचायला लावल्यावर ते वाचतं तसं, एकेक करून म्हणाला, "आई. बाबा. तू." आणि थांबला.

"त्यानं हात फिरवला रे मधेच," मी घाईघाईनं म्हटलं. "मी नीट काढून दिलं होतं. शपथ. तिकिटावर सुलटंच होतं. चुकलंय ते."

"चुकलेलं नाही," दादा म्हणाला.

"चुकलंय!"

"नीलू, त्यानं बरोबर काढलंय." माझा हात त्यानं हळूच खाली ठेवला. मग उठला आणि म्हणाला, "माझा इस्त्रीचा शर्ट कुठे ठेवलाय आईनं?"

तो शर्ट त्याला सैल होत होता. आम्ही खाली उतरलो तेव्हा जिन्यातली सगळी दारं उघडी होती. भिडेकाका आपल्या दारात उभे होते. त्यांचाही बिचाऱ्यांचा स्वभाव, एवढ्या प्रसंगातही जिभेला राहवलं नाही. "काय अभय? संपली का रजा?"

दादा थांबला. "हो काका," तो म्हणाला. "संपली."

रक्तपेढीत त्याच बाई होत्या. नाव, वय लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय करता?"

"काही नाही."

"अहो, काहीतरी लिहावं लागतं."

"बेकार लिहा," दादा म्हणाला. त्याचा आवाज स्थिर होता. मागे मंदार बिस्कीट खात बसला होता, त्यानंही ऐकलं. घरातल्या कुणीही तो शब्द तोवर उच्चारला नव्हता. मला वाटलं होतं तो उच्चारला की काहीतरी कोसळेल, पण बाईंनी तो लिहून घेतला आणि म्हणाल्या, "झोपा इथे."

बाबा त्या रात्रीतून तगले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं वॉर्डात गेलो. दादाच्या कोपरात अजून कापसाचा बोळा चिकटवलेला होता. बाबा डोळे मिटून पडले होते, आई मोसंबं सोलत होती. शेजारच्या खाटेवर लोणी काळभोरचे एक म्हातारे बागाईतदार होते, हर्नियासाठी आलेले. भारी बोलका माणूस. सकाळपासून त्यांनी बाबांची सगळी माहिती काढून घेतली होती, आणि आम्ही पोचायच्या आधीच त्यांना बाबांचा अमेरिकेतला मुलगा ठाऊक झाला होता. दादा खाटेशी जाऊन उभा राहिला तसे ते कोपरावर उठून बसले.

"ह्यो कोण म्हणायचा?"

बाबांनी डोळे उघडले. दादाकडे पाहिलं, त्याच्या कोपरातल्या कापसाकडे पाहिलं. मग त्या म्हाताऱ्याकडे.

"भाचा," ते म्हणाले. "माझा भाचा आहे."

आईच्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. मी दादाकडे बघू शकले नाही. त्याचा आवाज तेवढा ऐकला. "काय मामा," तो म्हणाला, "आता बरं वाटतंय ना?"

"भाचा हाय व्हय!" म्हातारे खूश झाले. "बघा पाव्हणं. पोरगं तिकडं साता समुद्रापल्याड, आन् रगात द्यायला भाचा."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. दादानं उशाशी ठेवलेला नॅपकीन उचलला, ते पुसलं आणि नॅपकीन घडी करून जागेवर ठेवला.

पुढे शस्त्रक्रिया झाली आणि घरी सोडेपर्यंत दिवसभर दादाच वॉर्डात राहिला. बेडपॅन त्यानं दिलं, बाबांची जखम धुताना नर्सबरोबर तो उभा राहिला, कुशीवर वळवायला तोच. आणि पूर्ण वेळ "मामा, जरा इकडे वळा", "मामा, पेज घ्या". शेजारच्या म्हाताऱ्यांचा तो लाडका झाला, त्यांनाही पाणी द्यायचा, पेपर वाचून दाखवायचा. बाबा त्याच्याकडे न बघता सगळं करून घेत. आई बाबांशी कामापुरतंच बोलत होती. एका दुपारी दवाखान्याच्या बाकावर तिनं माझी बाही स्वतःच वर सारली, मंदारच्या आईकडून तिला कळलं होतं. मी ओरडा खायच्या तयारीत बसले. तिनं पिशवीतून मलमाची ट्यूब काढली, खपल्यांवर लावत राहिली. "उद्या स्थळं येतील, त्यांना काय सांगायचं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "यातली मी कुठली?"

"ही. विळी."

"विळी!" ती बघत राहिली. "दुसरं काही सुचलं नाही का रे तुम्हाला?"

आता माझी पन्नाशी जवळ आली. रेघा पसरून हिरव्या-निळ्या झाल्यात, गोगलगाय तर नुसता डाग वाटते. माझ्या मुलीच्या वयाची पोरं मानेवर, पायावर काय काय काढून घेतात आणि हाफ बाह्यांनी ऑफिसला जातात. मी मात्र नोकरीची सगळी वर्षं पूर्ण बाह्या घालून काढली. कुणाला दिसलंच तर "लहानपणीचं आहे" म्हणते आणि बाही ओढते. मुलगी म्हणते, यात लाजण्यासारखं काय आहे. तिचं बरोबर आहे. पण लाज ही काही विचार करून वाटणारी गोष्ट नाही. ती एकदा ज्या जागी वाटली त्या जागी बसून राहते. दादानं पुढे लोणी काळभोरच्या बाजूच्या एका कॉलेजात संगणक शिकवायला घेतलं. स्वारगेटहून बसनं जाऊन-येऊन करायचा, अजूनही तिथेच आहे आणि विद्यार्थी त्याचं नाव काढतात. बाबा असेपर्यंत त्यांनी त्या कॉलेजचं नाव चारचौघांत कधी घेतलं नाही, आणि दादानं त्याची अपेक्षा ठेवली नाही. मी हे बाबांना दोष द्यायला लिहीत नाही. ते वाईट बाप नव्हते, आणि त्याचं कारण मला एकच ठाऊक आहे, ते खाली लिहिते.

बाबांना घरी आणलं तो दिवस. बाहेरच्या खोलीत खाट टाकली होती. आईनं मऊ भात आणि मुगाचं वरण केलं होतं, वर तुपाची धार, सगळ्या घरात तो वास. भिडेकाकू विचारपूस करायला आल्या होत्या, खुर्चीत बसून पथ्यपाण्याचं सांगत होत्या. दादा आतून गोळ्या आणि पाण्याचं भांडं घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, गोळ्या."

जीभ सवयीनं घसरली, की त्यानं मुद्दाम म्हटलं, हे मी त्याला इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. भिडेकाकू हसल्या. "अरे, मामा काय म्हणतोस बापाला? डोकं ठिकाणावर आहे ना?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. दादा भांडं धरून उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता बाबा काहीतरी तिरकं बोलतील आणि वेळ मारून नेतील. त्यांना ते सहज जमलं असतं.

"मी म्हणायला लावलं," बाबा म्हणाले.

काकूंना कळेना. त्या आमच्या तोंडांकडे बघत राहिल्या.

"दवाखान्यात. लोकांपुढे." बाबांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी दादाकडे मान वळवली. "अभय. बाबा म्हण."

दादानं हात पुढे केला. "गोळ्या घ्या आधी," तो म्हणाला.

बाबांनी गोळ्या तोंडात टाकल्या, भांडं दोन्ही हातांत धरून सगळं पाणी प्यायले, आणि रिकामं भांडं त्याला न देता तसंच छातीशी धरून ठेवलं.

"घेतल्या," ते म्हणाले. "आता म्हण."